फ्रीजमधली कासवं

सांगलीत कासवाची अंडी उबवायची म्हणजे खरं काम ती गार ठेवायचं असतं. हे कुणाला सांगितलं की आधी हसतात, कारण उबवणं म्हटलं की सगळ्यांना खुडूक कोंबडी आणि पिवळा बल्ब आठवतो. मोबाईलवर जे व्हिडिओ सापडतात तेही बहुतेक थंड देशांतले. थर्मोकोलच्या पेटीत हीटर कसा लावायचा आणि तापमान तीस अंशांपर्यंत कसं चढवायचं, हे ती मंडळी तळमळीनं सांगत असतात. आमच्या खणभागातल्या माडीवर एप्रिलच्या दुपारी पंखा फुल ठेवूनही खोलीत पस्तीस-छत्तीस अंश असतं. तिथं हीटर कशाला लावायचा? अंडी उकडून खायची असतील तर गोष्ट वेगळी.

माझा धंदा फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन दुरुस्तीचा. त्यामुळे कासवांच्या या भानगडीत मी शिरलो तो मागच्या दारानं, म्हणजे थर्मोस्टॅटच्या, तापमान राखणाऱ्या पुर्जाच्या, बाजूनं. एका मत्स्यालयवाल्याकडं पाणी थंड करायच्या मशीनचं माझं बिल थकलं होतं. पैसे काही निघेनात. शेवटी त्यानं कॅरीबॅगेत पाणी घालून तीन पिल्लं हातावर ठेवली आणि म्हणाला, "अण्णा, वास्तूला चांगली असतात, घेऊन जावा." बिल तिथंच मिटलं. तीन-साडेतीन सेंटिमीटरची, हिरवीगार, डोळ्यामागं लाल पट्टा असलेली ती पिल्लं. दुकानात त्याला नुसतंच ‘पाण्यातलं कासव’ म्हणतात. खरं नाव रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आता माझ्याकडं आहेत त्यातली बयो आणि ठकी या माद्या आहेत, पिंट्या नर.

नर-मादी ओळखणं लहानपणी जमत नाही. थोडी वाढ झाली की मात्र आंधळाही हात लावून सांगेल. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबच लांब, शेपूट जाड आणि लांब, अंग मादीपेक्षा बरंच लहान. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत जाते, नर साधारण वीसच्या आसपास थांबतो. नर लवकर वयात येतो, मादीला पाच-सात वर्षं लागतात. मग हिवाळा सरला की तमाशा सुरू होतो. पिंट्या पाण्यात मागं मागं पोहत बयोच्या तोंडासमोर येतो, दोन्ही हात पुढं करतो, तळवे बाहेरच्या बाजूला वळवतो आणि ती लांब नखं तिच्या गालाजवळ इतक्या वेगानं थरथरवतो की नखं दिसतच नाहीत, पाण्यात नुसती शिरशिरी दिसते. बयोचा मूड असेल तर ती संथ होऊन हळूहळू तळाशी जाते. नसेल तर चावते. एका टाकीत नर एक आणि माद्या दोन असाव्यात, त्या याचसाठी. एकाच मादीमागं लागला तर तो तिला जेवूसुद्धा देत नाही.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. एकदा नराशी संग झाला की मादी त्याचं बीज पोटात साठवून ठेवू शकते आणि पुढं नर नसतानाही फळलेली अंडी देऊ शकते. आणि नर जन्मात बघितला नाही तरी ती अंडी घालतेच, फक्त ती फोल असतात. म्हणून "आमच्याकडं एकटंच आहे, अंड्यांचा प्रश्नच नाही" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. मादी एकटी असली तरी तिला अंडी घालायला माती लागते. माती नसली तर ती अंडी पोटात धरून ठेवते, आणि मग खाणं बंद, सुस्ती, शेवटी जिवाशी गाठ. अशा मादीला एक्स-रे काढणाऱ्या पशुवैद्याकडंच न्यावं लागतं. एक्स-रेत अंडी स्पष्ट मोजता येतात. टाकीत अस्वस्थ होऊन कडेवर चढायला बघणारी, मागच्या पायांनी उगाच खरडणारी मादी दिसली की ती आजारी नाही, जागा शोधतेय, हे ओळखायचं.

आमची टाकी आधी परसात होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा पाणी गल्लीत शिरायच्या आधीच आम्ही तिघांना निळ्या ड्रममध्ये घालून माडीवर नेलं. आई देवघर आवरत होती, बायको धान्याचे डबे, आणि मी कासवं. यावर आजही घरात बोललं जातं. पण माझं गणित सरळ होतं. धान्य भिजलं तर पुन्हा भरता येतं. परसातली टाकी पुराखाली गेली असती तर तिन्ही कासवं थेट कृष्णेत गेली असती, आणि तिथून ती परत आणता येत नाहीत. हे का वाईट ते पुढं सांगतो. तेव्हापासून टाकी गच्चीवर आहे. वर हिरवी शेडनेट, त्यावर जाळी, कारण घारी आणि कावळे. टाकीतून फळीचा उतार, आणि उताराच्या टोकाला मातीचा वाफा: नदीची वाळू आणि पोयटा निम्मा-निम्मा, फूटभर खोल, कायम ओलसर.

अंडी घालताना मी बयोला पहिल्यांदा नीट बघितलं ते शिवरात्रीनंतर, संध्याकाळी, दुकानातून आल्यावर. ती वाफ्यात आधी बराच वेळ नाक मातीला लावून फिरली. मग एका जागी पाय रोवले आणि मागच्या पायांनी खणायला लागली. एक पाय आत जातो, तळवा वाकवून मूठभर माती वर आणतो, बाजूला टाकतो. मग दुसरा पाय. पुन्हा पहिला. कधीच दोन्ही एकदम नाही. माती कडक लागली की ती पोटात साठवलेलं पाणी तिथं सोडते, माती मऊ होते, पुन्हा खणणं चालू. खड्डा तयार झाला तो आमच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खणतात त्या पेवासारखा: तोंड अरुंद, खाली पोट मोठं. मग एकेक अंडं. प्रत्येक अंडं पडलं की एक पाय आत घालून ते हलकेच सरकवायचं, पुढच्यासाठी जागा करायची. या जातीची मादी एका वेळी साधारण सहा ते अकरा अंडी देते, कधी दोन, मोठी मादी असेल तर वीसच्याही पुढं, आणि एका हंगामात पुन्हा पुन्हा घालू शकते. सगळी झाल्यावर त्याच पायांनी माती लोटली, पोटाच्या कवचानं धोपटली आणि टाकीत उतरून गेली.

या सगळ्यात तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. आपल्याकडं संतांनी कूर्मदृष्टीचा दाखला दिलाय: कासवी नदीच्या एका तीरावर, पिल्लं दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या नजरेनं त्यांना पोसते. आई हे कीर्तनात ऐकत आलीय. म्हणून गच्चीवर खुर्ची टाकून तीही बघत होती. बयो टाकीत गेल्यावर आई म्हणाली, "अगं बाई, ही तर बघतच नाही." खरंच नाही बघत. पिल्लं निघाली आणि त्याच टाकीत पडली तर बयो त्यांना खाऊसुद्धा शकते. संतांना दाखला देवाच्या मायेचा द्यायचा होता, कासवाचा नाही, अशी मी आईची समजूत घातली. तिला ती पटली की नाही कोण जाणे. देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला मात्र ती अजून पहिल्यासारखाच हात लावून पाया पडते.

आता अंडी. पांढरी, लांबट, तीन-चार सेंटिमीटरची. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, दाबलं तर थोडं दबतं. ती काढायची घालून झाल्यावर लगेच, त्याच दिवशी. पहिले काही तास हलवली तरी चालतं. त्यानंतर आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. मग अंडं उलटलं तर तो गर्भ बलकाखाली दबून मरतो. म्हणून माती बाजूला करता करताच प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर साध्या शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारायची. स्केचपेन, मार्कर नको, कवचातून आत झिरपतं. फुली कायम वर. कोंबडीच्या अंड्यांना दिवसातून अनेकदा फिरवतात, कासवाच्या अंड्यांना एकदाही नाही. एवढा एक फरक डोक्यात पक्का बसला तरी निम्मं काम झालं.

पोल्ट्रीवाल्या मित्रानं मला त्याचं छोटं उबवणी यंत्र देऊ केलं होतं. आपल्या भागात पोल्ट्र्या कमी नाहीत, त्यामुळे असं यंत्र सहज मिळतं. पण त्यात दोन अडचणी. ट्रे आपोआप फिरतो, आणि ते साडेसदतीस अंशांच्या आसपास चालवायला बनवलेलं. कासवाच्या अंड्याला एकतीसच्या वर फार जायचंच नाही. चौतीस-पस्तीस सतत राहिलं तर गर्भ वाचत नाही. मित्राचे आभार मानून मी यंत्र परत केलं.

अंडी ठेवायला मी श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे वापरतो. झाकणाला चार-पाच बारीक भोकं. आत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं, फुलवलेलं खनिज. हे नर्सरीत, रोपवाटिकांत मिळतं. वजनाला वजन पाणी: दोनशे ग्रॅम व्हर्मिक्युलाइट, दोनशे ग्रॅम पाणी. ते मिळालं नाही तर कोकोपीट आणि वाळू, मुठीत आवळली तर गोळा व्हावा पण पाण्याचा थेंब सुटू नये इतपत ओली. अंडं निम्मं आत, निम्मं वर. दोन अंड्यांत बोटभर अंतर, म्हणजे एक नासलं तर शेजारच्याला बुरशी लागत नाही. डब्यावर तारीख आणि मादीचं नाव. मधे कवच आत दबल्यासारखं दिसलं तर ओल कमी झाली. तेव्हा डब्याच्या कडेनं थोडं कोमट पाणी सोडायचं, अंड्यावर नाही.

आणि आता माझा आवडता भाग. एका गिऱ्हाईकानं नवीन फ्रीज घेतला आणि जुना सिंगल डोअर, चालू स्थितीतला, माझ्याकडं भंगारात टाकला. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट मी बायपास केला. तो माणसांच्या भाजीसाठी असतो, त्याला सत्तावीस अंश समजत नाहीत. त्याजागी एसटीसी-१००० नावाचा, ठरवलेलं तापमान राखणारा कंट्रोलर लावला. ऑनलाइन मिळतो, महाग नाही. त्यात दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारी बटणं, असतात: एक गरम करायला, एक गार करायला. गारच्या रिलेवर कॉम्प्रेसर, गरमच्या रिलेवर जुना फिलामेंटचा झिरो बल्ब, पत्र्याच्या नळकांड्यात झाकलेला, म्हणजे उजेड अंड्यांवर पडत नाही. फेब्रुवारीच्या रात्री बल्ब लागतो, मे महिन्यात दिवसभर कॉम्प्रेसर. एकच पेटी, दोन्ही ऋतूंना पुरते.

यात तीन गोष्टी आमच्या धंद्यातल्या, ज्या व्हिडिओवाले सांगत नाहीत. पहिली: कॉम्प्रेसर बंद झाला की लगेच चालू करायचा नाही. आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडं सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर तो कण्हतो आणि ओव्हरलोड होऊन बंद पडतो. कंट्रोलरमध्ये एफ-३ नावाचं सेटिंग आहे, तिथं कमीत कमी तीन मिनिटं ठेवा; मी जास्तच ठेवतो. दुसरी: फ्रीजमध्ये वर आणि खाली तापमान वेगळं असतं. वरचा डबा पंचवीसवर आणि खालचा अठ्ठावीसवर असला तर कंट्रोलरवरचा आकडा बघून काय उपयोग? जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा आत लावला, हवा फिरती राहिली, फरक गेला. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वस्तातलं डिजिटल थर्मामीटर एक-दोन अंश खुशाल खोटं बोलतं. स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ भरायचा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि सेन्सर त्यात बुडवून पाच मिनिटं थांबायचं. शून्य दाखवलं तर ठीक. नाही दाखवलं तर जितका फरक तितका एफ-४ या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरायचा.

रिकामी जागा मी पाण्याच्या बाटल्यांनी भरतो. लाईट गेली तरी बाटल्या आणि फ्रीजच्या भिंतीतला पफ, म्हणजे फोम, मिळून तापमान बराच वेळ धरून ठेवतात. कॉम्प्रेसर चालला की हवा कोरडी होते, म्हणून तळाला पाण्याची परात. दार रोज एकदा उघडून हवा बदलायची. शेवटच्या आठवड्यांत तर नक्कीच, कारण तेव्हा आतल्या पिल्लांना हवा जास्त लागते.

एक-दोन अंशांचं एवढं कौतुक कशाला, असं बायकोनंही विचारलं होतं. कारण त्या एक-दोन अंशांवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. माणसासारखं बीजातच ठरून येत नाही. या जातीत सव्वीस अंशांवर उबवलेली अंडी जवळजवळ सगळी नर होतात, एकतीसवर जवळजवळ सगळी माद्या, एकोणतीसच्या आसपास मिश्र. आणि पूर्ण मुदतीतला मधला तिसरा हिस्सा यासाठी कळीचा. १९६६ साली मॅडलीन शार्निए या संशोधक बाईंनी आफ्रिकेत, सेनेगलमध्ये सरड्याच्या एका जातीत हे पहिल्यांदा नोंदवलं. नंतर कासवांत, मगरींत सापडलं. आपल्या कृष्णेत भिलवडी-औदुंबरकडं ज्या मगरी दिसतात त्यांच्यातही असंच, फक्त गणित वेगळं: साडेबत्तीसच्या आसपास नर, आणि त्यापेक्षा गार असलं की माद्या.

म्हणजे सांगलीच्या उन्हाळ्यात कुणी डबा नुसताच कपाटावर ठेवला आणि नशिबानं अंडी टिकली, तर निघतील त्या सगळ्या माद्या. लोकांना ते चांगलंच वाटतं. मला नाही वाटत. मादी म्हणजे परातीएवढं अंग, मोठी टाकी, मातीचा वाफा, दरवर्षी अंडी आणि पोटात अंडी अडकायची भीती. ज्याला आपण पिल्लू देतो त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत यातलं काय होणार? म्हणून माझा कंट्रोलर साडेसव्वीसवर असतो. मुद्दाम नर काढतो. नर लहान राहतो, अंड्यांची कटकट नाही, तुलनेनं कमी जागेत भागतं. किंमत एवढीच की वेळ जास्त लागतो. तीस अंशांवर दोन महिन्यांत पिल्लं निघतात; सव्वीस-सत्तावीसला अडीच महिने धरून चालायचं. आणि ऐन मे महिन्यात बाहेर चाळीस असताना पेटी साडेसव्वीसवर ठेवायचं वीजबिल. ते मी दुकानाच्या मीटरवर घेतो.

पहिल्या आठवड्यात फळलेलं अंडं ओळखता येतं. माथ्यावर खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो, मग पसरत पसरत पट्टा होतो. फोल अंडं आहे तसंच पिवळट राहतं. थोडं पुढं गेलं की अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बाजूला धरायचा, अंडं न उचलता. लाल केसांसारख्या शिरा दिसतात, आणि मधे एक गडद ठिपका. मुलगी आधी "पप्पा, मला नको" म्हणत होती, आता डबे उघडायला तीच पुढं असते. शेवटी शेवटी आतलं सगळं काळंभोर होतं, टॉर्चला काही दिसत नाही. तेव्हा हात आखडता घ्यायचा.

पिल्लू नाकावरच्या पांढऱ्या टोकानं कवच फाडतं. ते टोक फक्त यासाठीच असतं, काही दिवसांत गळून जातं. एक चीर पडते, चिरेतून नाक दिसतं, आणि मग काहीच होत नाही. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. पिल्लू तसंच नाक बाहेर काढून दिवस-दोन दिवस बसतं, कधी आणखी जास्त. अडकलेलं नसतं, पोटाला लागलेला बलक आत ओढून घेत असतं. या वेळी "मदत" करून कवच सोलायचं नाही. बलकाची पिशवी फुटली की पिल्लू गेलं. बाहेर आलं तरी पोटाखाली पिवळी गाठ दिसत असेल तर ओल्या टिश्यूवर, झाकलेल्या डब्यात, त्याच पेटीत ठेवायचं. गाठ आत गेली, पोट सपाट झालं, मग पाणी, तेही पाठ बुडेल एवढंच. काही दिवस ते खात नाही. बलक पुरतो. मग गांडुळाचे बारीक तुकडे, बारीक दाणे. मोठी झाली की हिरवा पाला वाढवायचा. सकाळचं कोवळं ऊन रोज, काचेतून नाही, थेट, आणि शेजारी सावली हवीच. ऊन आणि कॅल्शियम कमी पडलं की पाठ मऊ पडते. थंडीत पाणी फार गार झालं की जेवण सोडतात, तेव्हा मात्र हीटर लागतो. सांगलीत हीटरला काम आहे ते इथं.

कासवाला हात लावला की हात धुवायचे. हे एवढ्यासाठी सांगतो की कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. आमच्याकडं कासवांची बादली, घासणी, टॉवेल वेगळे. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्यातलं काही जात नाही. हा कायदा बायकोचा, आणि तो अमेरिकेपेक्षा कडक आहे.

आता न आवडणारा भाग. सगळी अंडी मी उबवत नाही. दोन माद्या, प्रत्येकीच्या हंगामात एकापेक्षा जास्त खेपा. सगळी उबवली तर एवढ्या कासवांना घरं कुठून आणायची? आधी घर ठरतं, मग तेवढीच अंडी पेटीत जातात, फोल जातील म्हणून एक-दोन जास्त. बाकीची त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. अंडं घालेपर्यंत आतली वाढ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर थांबलेली असते, बाहेर आल्यावर ती पुढं सरकते. म्हणून उशीर करायचा नाही. नंतर ती गच्चीवरच्या गुलाबांच्या मुळाशी जातात. मुलगी यावर माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. मी तिला बोलण्यात जिंकायला गेलो नाही. तिला फक्त हिशोब मांडायला सांगितला: एक कासव तीस वर्षं जगणार, त्याला टाकी केवढी, ती कोण धुणार. तिनं वहीत मांडला.

कारण दुसरा रस्ता लोक काय काढतात ते मला माहीत आहे. कासव मोठं झालं, पाणी घाण वास मारायला लागलं, की घाटावर नेऊन कृष्णेत सोडायचं. वर पुण्य केल्याचं समाधान. हे कासव जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. युरोपनं १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्या देशातही बऱ्याच ठिकाणच्या तळ्यांत ते मोकळं सापडलंय. काहीही खातं, थंडी-ऊन सोसतं, दगडावर ऊन खायची जागा बळकावतं. आणि कृष्णेत आपली स्वतःची कासवं आहेत: मऊ पाठीची, लांब नाकाची, त्यातलं एक तर फक्त दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातल्या नद्यांतच सापडतं आणि आता फार कमी उरलंय. त्यांच्या घरात आपण हा पाहुणा कशाला घुसवायचा? पुराच्या वेळी मी धान्याआधी ड्रम उचलला तो याचसाठी.

या देशी कासवांविषयी स्पष्टच सांगतो, कारण दुकानात कुणी ना कुणी विचारतंच: "अण्णा, ते चांदण्यांवालं मिळंल का?" म्हणजे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव. नाही. चांदण्यांचं कासव असो की नदीतलं मऊ पाठीचं, ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, १९७२ च्या, पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ठेवणं, विकणं, अंडी गोळा करणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. शेतात नांगरताना कासवाची अंडी निघाली तर उबवायला घरी आणू नका, वनखात्याला फोन करा. हा लेख फक्त पिंट्या-बयोच्या जातीपुरता आहे.

पिल्लं मी विकत नाही, आणि जोडी कुणालाच देत नाही. एकेकच देतो, तेही टाकी आधी बघून. मागं एक गृहस्थ दुकानात आले. मिक्सर दुरुस्तीला दिला आणि हळूच म्हणाले,

"अण्णा, एक कासव द्या की. उत्तर दिशेला ठेवायला सांगितलंय."

"कशात ठेवणार?"

"काचेचा बाऊल आणलाय. गोल. शोभिवंत आहे."

"ऊन येतं का तिथं?"

"हॉलमध्ये शोकेसमध्ये ठेवायचाय. ऊन कसं येणार?"

"मग पितळेचं घ्या. भांड्यांच्या दुकानात मिळतं. खायला मागत नाही, बाऊलमध्ये बसतं, आणि उत्तरेला ठेवलं तर दक्षिणेला जात नाही."

ते रागावले नाहीत. मिक्सर न्यायला आले तेव्हा पिशवीत खरंच पितळेचं कासव होतं, आणि बरोबर किंमतीबद्दल माझ्याकडं तक्रार.

यंदा ठकीनं उशिरा अंडी घातलीत, जूनच्या तोंडावर. पाऊस सुरू झाला की खोली आपोआप सत्तावीस-अठ्ठावीसवर येते आणि कॉम्प्रेसरला बरीच विश्रांती मिळते, त्यामुळे या खेपेचं वीजबिल कमी येईल. पेटीत गेलेल्या प्रत्येक अंड्याचं घर ठरलेलं आहे. तेव्हा कासवासाठी दुकानात येऊ नका. फ्रीज गार करत नसेल तर या, पण येण्याआधी मागची जाळी झाडून बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं.